सोलापुरातून टुरिस्ट व्हिसा काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी पेठेत आम्ही लोकांना व्हिसाचे फॉर्म भरून देतो. आमच्या टेबलासमोर बसून लोक जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे. बहुतेकांना युरोपला जायचं असतं, त्यामुळे जास्त मजकूर शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या २९ देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा आहे. अमेरिका, ब्रिटन आणि जवळचे देश ओघात येतील. फी आणि नियम मध्येच बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या देशाची अधिकृत साइट एकदा उघडून बघाच.

व्हिसा सोलापुरातच काढून मिळतो का?

फॉर्म भरणं, कागद जमवणं, फोटो, अपॉइंटमेंट हे सगळं सोलापुरात बसून होतं. पण शेंगेन आणि ब्रिटनसाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतःला जावं लागतं, आणि ती केंद्रं पुण्या-मुंबईत आहेत. ही केंद्रं व्हीएफएस, बीएलएससारख्या कंपन्या चालवतात. त्यांचं काम कागद घेणं, ठसे घेणं आणि पासपोर्ट परत देणं एवढंच. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

पुण्याची अपॉइंटमेंट दुपारची घ्या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने किंवा वंदे भारतने निघालं की आरामात पोहोचता येतं. सकाळी नऊचा स्लॉट घेऊन रात्रभर एसटीत डुलक्या काढत जाणारे लोक आम्ही बघतो, आणि फोटोतही ती झोप दिसते.

पासपोर्ट आहे, पण जुना आहे. चालेल का?

शेंगेनसाठी तीन गोष्टी बघतात: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परत निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावेत आणि दोन पानं कोरी असावीत. थायलंड, सिंगापूर, दुबईकडे जाताना सहा महिने शिल्लक असलेले बरे. मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर आधी पासपोर्ट नवा करा, मग व्हिसाचं बघू. सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे, तत्काळला वर २,००० लागतात. जुना पासपोर्ट फेकू नका. त्यावरचे व्हिसे आणि शिक्के फाईलमध्ये कामाला येतात. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन जाता येतं.

व्हिसा लागतच नाही असे देश कोणते?

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना व्हिसा नाही. मॉरिशसलाही आधी व्हिसा काढावा लागत नाही. मालदीवला उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो. मलेशियाने ३० दिवसांची सवलत २०२६ अखेरपर्यंत दिली आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण तिथले दिवस आणि अटी यांवर सारखा खल चालू असतो, म्हणून तिकिटाच्या आधी ताजा नियम बघा. शिवाय थायलंडला १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, एकदाच जायचं असेल तर २५ डॉलर.

व्हिसा नाही म्हणजे कागद नाहीत असं मात्र समजू नका. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडं परकीय चलन हाताशी ठेवा. विमानतळावर हमखास विचारतात.

शेंगेन म्हणजे नेमके कोणते देश?

सध्या २९ देश. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, ग्रीस वगैरे सगळे, आणि युरोपियन युनियनमध्ये नसूनही स्वित्झर्लंड आणि नॉर्वे. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ च्या जानेवारीपासून पूर्ण आत आले. लंडन यात नाही! पॅरिसला जाऊन ‘एक दिवस लंडन मारून येऊ’ म्हणणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आयर्लंडही यात नाही.

या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस मिळाले ते स्टिकरवर असतं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

तीन-चार देश फिरायचे आहेत. अर्ज कुणाकडे करायचा?

जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. समजा पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला चार आणि इटलीत तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्याच पडत असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तो देश.

अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून त्याच्याकडे अर्ज करायचा आणि राहायचं दुसरीकडे, हा सल्ला सोलापुरात सर्रास दिला जातो. देऊ नये आणि घेऊ नये. हॉटेलची बुकिंगं एक सांगतात आणि अर्ज दुसरंच. अधिकाऱ्याला ते कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तयारी कधी सुरू करायची?

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी झालाच पाहिजे. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, फाईलची जादा छाननी झाली तर ४५ दिवसांपर्यंत जातात. पण खरा वेळ खातं ते अपॉइंटमेंट मिळणं. मे महिन्याच्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र बाहेर निघतो. म्हणून आम्ही सांगतो, संक्रांत झाली, गड्ड्याच्या जत्रेतून फिरून आलात की लगेच कागद काढायला बसा. परीक्षा संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांना मग मिळेल ती तारीख घ्यावी लागते.

फी किती?

शेंगेनची ९० युरो, जून २०२४ पासून. सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. त्यावर केंद्राचा सेवा आकार. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची अर्ज फी १८५ डॉलर आहे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. केंद्रात गेल्यावर एसएमएस, कुरिअर, खास लाउंज असं बरंच काही विकायला काढतात. त्यातलं कुरिअर तेवढं सोलापूरकरांना उपयोगाचं आहे, पासपोर्ट घ्यायला परत पुण्याला जायचा हेलपाटा वाचतो. लाउंज घेतल्याने व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

बँकेत किती पैसे दाखवायचे?

हा प्रश्न रोज येतो, आणि तो ‘दाखवायचे’ या शब्दात येतो तिथेच गडबड आहे. अधिकारी शिल्लक बघतो, पण त्याआधी तो खातं बघतो: पैसे येतात कुठून, जातात कुठे, महिना अखेरीला काय उरतं.

मागच्या हंगामात एक गृहस्थ स्टेटमेंट घेऊन आले. वर्षभर खात्यात तीस-चाळीस हजारांच्या आसपास हालचाल, आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम पाच लाख जमा. विचारलं, “अण्णा, हे पाच लाख कुठनं आले?” म्हणाले, “मेव्हण्यानं टाकलेत की. व्हिसा झाला की परत द्यायचेत.” जे आम्हाला एका नजरेत दिसलं ते रोज शेकडो स्टेटमेंट बघणाऱ्याला दिसणार नाही का? त्यांना आम्ही थांबायला सांगितलं. मेव्हण्याचे पैसे परत गेले. घरच्या दुकानाचा गल्ला रोख हातातच फिरत होता, तो खात्यात भरायला सुरुवात केली. मग सहल युरोपऐवजी व्हिएतनामची ठरली, खर्चही झेपला आणि खातंही सुधारायला लागलं.

आकडाच हवा असेल तर आमचा ढोबळ हिशेब असा: सहलीचा सगळा खर्च वजा केल्यावरही खात्यात पुढच्या काही महिन्यांचा घरखर्च उरलेला दिसला पाहिजे. आयुष्याची पुंजी दहा दिवसांत उडवून येणारा माणूस परत येईल का, अशी शंका घेणं हेच अधिकाऱ्याचं काम आहे.

स्टेटमेंट कुठे तीन महिन्यांचं मागतात, कुठे सहा. आम्ही सहाचंच काढायला लावतो, बँकेच्या शिक्क्यानिशी आणि सहीनिशी. पासबुकाची झेरॉक्स उपयोगाची नाही. आपल्याकडे पुष्कळांचा पैसा पतसंस्थेत ठेवींमध्ये असतो. त्या पावत्या जोडा, पण सगळी फाईल त्यांच्यावर उभी करू नका. बँकेतलं चालतं-बोलतं खातं हाच मुख्य कागद.

मी शेतकरी आहे. सॅलरी स्लिप कुठून आणू?

आणायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यात ऊस, डाळिंब, द्राक्ष, कांदा यांवर लोक बंगले बांधतात, मुलांना परदेशी शिकवतात, आणि व्हिसाच्या फाईलपुढे मात्र ‘आम्ही काय, शेतकरी माणसं’ म्हणून बसतात. शेतीचं उत्पन्न नियमित नसतं, हंगामी असतं. ते तसंच मांडायचं.

सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे घ्या. कारखान्याला ऊस जात असेल तर बिलाचे कागद, आणि ते बिल खात्यात जमा झाल्याची स्टेटमेंटमधली ओळ. त्या ओळीवर पेन्सिलने खूण करून ठेवा. कांदा मार्केट यार्डात गेला असेल तर अडत्याची हिशोबपट्टी. पट्टी एका रकमेची आणि खात्यात भलतीच रक्कम असं होऊ नये. पट्टीचे पैसे रोख घेऊन घरी ठेवले असतील तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते पैसे आलेच नाहीत. डाळिंब-द्राक्षाचे व्यापारी बागेत येऊन माल घेतात, त्यांच्याकडून पैसे बँकेतून घ्यायची सवय पुढच्या वर्षीसाठी तरी लावा.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण म्हणून रिटर्न भरायचाच नाही असं नाही. शेतीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवता येतं आणि तसे दोन-तीन वर्षांचे रिटर्न फाईलमध्ये असले की बोलायला जागा राहत नाही. जमिनीचं मूल्यांकन सीएकडून करून जोडतात काही जण. हरकत नाही, पण वीस एकर जमीन आहे म्हणून व्हिसा मिळत नाही. ती जमीन तुम्हाला परत बोलावते आहे, एवढंच ती सांगते. कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, ‘ऑक्टोबरच्या शेवटी ऊसतोड सुरू होते, त्याआधी मी घरी असणं भाग आहे’ असं एक वाक्य असेल तर ते मूल्यांकनाच्या दहा पानांपेक्षा जास्त काम करतं.

नोकरी, धंदा, पेन्शन यांना काय लागतं?

नोकरीवाल्यांना तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा किंवा रिटर्न, आणि कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजुरीचं पत्र. पत्रात रजेच्या तारखा आणि परत रुजू व्हायची तारीख हवी. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांना परदेशी जायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. तो अर्ज टेबलाटेबलावरून फिरत वर जातो, म्हणून व्हिसाच्या कितीतरी आधी तो टाकून ठेवा.

चादरी-टॉवेलचा कारखाना असो, नाहीतर किराणा दुकान, उद्यम नोंदणी, जीएसटीचे कागद, चालू खात्याचं स्टेटमेंट आणि रिटर्न द्या. चालू आणि बचत दोन्ही खाती द्या. धंद्याच्या खात्यात कोट्यवधींची उलाढाल असते, पण ती उलाढाल म्हणजे तुमची कमाई नव्हे हे त्यांनाही ठाऊक असतं.

पेन्शनरांचं सर्वात सोपं. पेन्शन ऑर्डर आणि पेन्शन जमा होणारं खातं. गृहिणींसाठी नवऱ्याचे सगळे कागद, लग्नाचा दाखला आणि खर्च तोच करणार असल्याचं त्याचं पत्र. स्वतःच्या नावावर खातं किंवा ठेव असेल तर तीही जोडा.

आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. काय करायचं?

हे आपल्याकडचं जुनं दुखणं. सिद्धरामच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक डी, दुसऱ्यावर दोन. माहेरचं नाव पासपोर्टवर, सासरचं बँकेत. तेलुगू आणि कन्नड घरांत तर आडनाव पुढे की मागे इथपासून सुरुवात. नियम एकच धरा: व्हिसा, तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल हे सगळं पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच. बाकी कागदांवर किरकोळ फरक असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुरतं. फरक मोठा असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर सावध. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटकांना एकच नाव असलेल्या पासपोर्टवर प्रवेश बंद केला आहे. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर निभावतं. दुबईला जाऊन विमान बदलायचं असलं तरी एअरलाइनला आधी विचारून घ्या.

तिकीट आधी काढायचं का?

नाही. शेंगेनला प्रवासाचं आरक्षण मागतात, पैसे भरून पक्कं केलेलं तिकीट नव्हे. व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणाऱ्या तिकिटात पैसे अडकवू नका. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या, पण खरी घ्या आणि रोजच्या रोजची घ्या. एका रात्रीचा हिशेब लागत नसेल तर ती रात्र कुठे काढणार हा प्रश्न येतोच. अर्ज टाकून दुसऱ्याच दिवशी सगळी हॉटेलं रद्द करणारे काही महाभाग असतात. दूतावास हॉटेलला फोन किंवा मेल करून विचारू शकतो, आणि विचारतो.

इन्शुरन्स कुठला?

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामाचं, आणि आजारपणात घरी परत आणण्याचा खर्च धरलेलं. स्वस्तात स्वस्त पॉलिसीवरही व्हिसा मिळतो. पण आई-वडिलांना शुगर-बीपी असेल तर आधीपासूनच्या आजारांचं काय, ते कलम वाचून घ्या. व्हिसासाठीची पॉलिसी आणि उपयोगाची पॉलिसी यांत फरक असतो, तो तिकडच्या दवाखान्याच्या बिलावर कळतो.

फोटो आणि बोटांचे ठसे

शेंगेनचा फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, अमेरिकेचा दोन इंच गुणिले दोन इंच. दोन्हींना पांढरी पार्श्वभूमी आणि अलीकडचा चेहरा. अमेरिकेच्या फोटोत चष्मा चालत नाही, इतरांसाठीही काढलेला बरा. स्टुडिओवाल्याला सांगा की चेहरा गोरा करू नको, डाग पुसू नको. आपले स्टुडिओवाले प्रेमाने करतात आणि फोटो बाद होतो.

ठसे दिल्यावर ते साधारण पाच वर्षं, नेमके ५९ महिने, शेंगेनच्या यंत्रणेत राहतात आणि पुन्हा वापरता येतात. बाराच्या आतल्या मुलांचे घेत नाहीत. लूमवर किंवा रानात आयुष्य गेलेल्या माणसांच्या रेषा पुसट होतात, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही तीच गत इथे. आठवडाभर रोज रात्री हाताला तेल किंवा मलम लावा, जाण्याआधी हात स्वच्छ धुवा. तिथे कर्मचारी पुन्हा पुन्हा घेऊन बघतात, घाबरू नका. आणि घरात लग्न असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी अपॉइंटमेंट झाल्यावर.

कव्हर लेटर कुणाकडून लिहून घेऊ?

स्वतः लिहा. एक पान पुरे. कोण आहे, काय करतो, कुणाबरोबर कुठे कधी जाणार, खर्च कोण करणार, परत येऊन काय करायचं आहे. नेटवरून उतरवलेलं ‘आपल्या महान राष्ट्राच्या संस्कृतीची मला ओढ आहे’ छाप पत्र आम्ही बाजूला ठेवायला सांगतो. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. तारखा तिकिटाशी आणि रजेच्या पत्राशी जुळल्या पाहिजेत. बहुतेक फाईली कागद कमी म्हणून अडत नाहीत, कागद एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून अडतात. पत्रात दहा दिवस, रजा आठ दिवसांची, हॉटेल अकरा रात्रींचं, असं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. सातबारा, लग्नाचा दाखला, पतसंस्थेची पावती, सगळ्यांचं. भाषांतरातही नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे.

मुलगा परदेशात आहे. आम्हा दोघांना बोलावलंय. वेगळं काय?

त्याचं आमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि तिकडे राहण्याच्या परवान्याची प्रत, पगाराचा पुरावा, घराचा पत्ता. जर्मनीत असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाच्या जबाबदारीचं अधिकृत पत्र काढू शकतो, ते वजनदार असतं. पण मुलगा कितीही कमावत असला तरी तुमचे इथले कागद हवेतच: पेन्शन, घर, शेत, इथे राहणारी दुसरी मुलं. मुलीचं बाळंतपण करायला जाणाऱ्या आया फॉर्मवर नुसतंच पर्यटन लिहितात. जे कारण आहे ते लिहा. मुलीला भेटायला, बाळंतपणात सोबत म्हणून जाणं यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र ‘बाळ सांभाळायला’ हे शब्द तिकडे काम करायला जाण्यासारखे वाटू शकतात, तेव्हा भेट म्हणजे भेटच असू द्या.

अमेरिकेच्या मुलाखतीत इंग्रजी आलं नाही तर?

मुंबईच्या वकिलातीत मराठीत मुलाखत देता येते. सुरुवातीलाच मराठीत बोलायचं आहे म्हणून सांगा. सुनेने पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्यं अडखळत म्हणण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. मुलाखत काही मिनिटांची असते. कुणाकडे चाललात, तो काय करतो, किती दिवस, तुम्ही काय करता, यापलीकडे सहसा जात नाही. फाईल उघडूनही बघत नाहीत बऱ्याचदा. म्हणून डीएस-१६० या अमेरिकेच्या ऑनलाइन अर्जाच्या फॉर्ममध्ये जे भरलंय ते तुम्हाला तोंडी माहीत हवं. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर आदल्या रात्री त्याच्याकडून वाचून घ्या. मुलाच्या कंपनीचं नाव आणि गाव तरी पाठ असू द्या.

ठसे-फोटो आणि मुलाखत यांच्या मुंबईत दोन वेगवेगळ्या अपॉइंटमेंट असतात, तेव्हा मुक्कामाची सोय करा. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिन्यांपर्यंत.

मुलांना नेताना?

जन्मदाखला, शाळेचं पत्र, फॉर्मवर दोन्ही पालकांच्या सह्या. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. आजी-आजोबांबरोबर जाणार असेल तर दोघांचंही.

एक एजंट ‘गॅरंटी व्हिसा’ म्हणतोय.

उठा आणि चालू लागा. व्हिसाची हमी दूतावासाबाहेर कुणीच देऊ शकत नाही. फॉर्म भरायचे, धावपळीचे पैसे घेणं ठीक आहे, आम्हीही घेतो. पण बनावट रजापत्र, बनावट स्टेटमेंट, फोटोशॉप केलेला शिक्का यांत पडू नका. फसवणूक पकडली तर ब्रिटन दहा वर्षं दारात उभं करत नाही. अमेरिकेत खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा बसतो. सही तुमची असते, एजंटची नव्हे. आणि मूळ पासपोर्ट कुणाकडे महिनोन्‌महिने ठेवू नका.

नाकारला तर पुन्हा अर्ज करता येतो का?

येतो. शेंगेनमध्ये नकाराचं छापील पत्र मिळतं, त्यात कारणांपुढे खूण असते. ‘मुक्कामाचा उद्देश पटला नाही’ आणि ‘परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका’ या दोन खुणा सर्वात जास्त दिसतात. पहिलीवर उपाय म्हणजे बुकिंगं आणि कार्यक्रम नीट करणं. दुसरीवर उपाय म्हणजे नोकरी, शेती, कुटुंब यांचे कागद भक्कम करणं. जुनीच फाईल दुसऱ्या देशाच्या दारात नेऊन उपयोग नाही, कारण सगळ्या शेंगेन देशांना तो नकार एकाच यंत्रणेत दिसतो. पुढच्या कुठल्याही फॉर्ममध्ये आधी नकार झालाय का असं विचारलं तर खरं सांगा. नकार असणं हा गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं.

व्हिसा आला! आता काय बघायचं?

पहिलं नाव आणि पासपोर्ट नंबर. मग दोन वेगळ्या गोष्टी: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस. समजा १ मे ते २५ मे अशी तारीख आहे आणि दिवस १०. तुम्ही ५ मेला उतरलात तर १४ मेला बाहेर पडलंच पाहिजे. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. २५ तारखेपर्यंत राहता येतं असं समजून लोक फसतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवणारी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे दिवस मोजायला आता कुणाच्या नजरेची गरज उरलेली नाही.

नियम पाळून तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी ही सोय एप्रिल २०२४ पासून आहे.

पैसे कसे न्यायचे?

थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. एका सहलीला रोख परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंत. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो गेला म्हणून हळहळू नका, पावती जपा, रिटर्नमध्ये वळता होतो.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेता येते का?

युरोपात नेता येते. तिकडे सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. चटणी-भाकरीला अडचण नाही, फक्त चटणी चेक-इन बॅगेत ठेवा आणि दोन पिशव्यांत घट्ट बांधा, तेल सुटतं. ऑस्ट्रेलियाला निघालात तर मात्र खाण्याचं जे जे आहे ते कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, न सांगितलेल्या वस्तूला जबर दंड बसतो.